पहिल्या भेटीतील निदान : क्षयरोग आणि उपचारकांचे प्रशिक्षण

क्षयरोगाविषयी लिहिताना रोगजंतू, लस आणि औषधे यांचे वर्णन करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. स्ट्रेप्टोमायसिन १९४० नंतरच्या दशकात हाती आले, आयसोनियाझिड १९५२ मध्ये. तेव्हापासून हा रोग बरा होऊ शकतो याविषयी शंका उरलेली नाही. तथापि औषध आणि रोगी यांच्यामध्ये नेहमी एक माणूस उभा असतो. तो डॉक्टर असेल, परिचारिका असेल, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ असेल, औषधांचा दुकानदार असेल किंवा गावातीलच एखादी आरोग्यसेविका असेल. खोकणाऱ्या माणसाला पाहून याच्या मनात क्षयाची शंका आली नाही, तर जगातील उत्तमातील उत्तम औषधही त्या रोग्याच्या उपयोगी पडत नाही. या प्रकरणात आपण या मधल्या माणसाच्या शिक्षणाचा विचार करणार आहोत. भारतात आजही जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोगी आढळतात, हे लक्षात घेतले म्हणजे या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

एक तहसील : उदाहरणादाखल

विचाराच्या सोयीसाठी एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. राणी लक्ष्मीबाईंमुळे झाशी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. उत्तर प्रदेशातील याच झाशी जिल्ह्यात टहरौली नावाचे एक तहसिलीचे गाव आहे. हा बुंदेलखंडाचा भाग. पाऊस बेभरवशाचा, जमीन पुष्कळ ठिकाणी खडकाळ, आणि शेती पिकली नाही की मजुरीसाठी परमुलखाची वाट धरणारी कुटुंबे पुष्कळ. झाशी जिल्ह्यात दगडाच्या खाणी आणि खडी फोडण्याचे कारखानेही आहेत. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन सिलिकोसिस हा विकार जडतो, आणि हा विकार जडलेल्यांना क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. झाशी शहरात १९६८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु खोकला झाला म्हणून कोणी पहिल्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी जात नाही.

समजा, अशा तहसिलीतील एका खेड्यात एका मजुराला खोकला सुरू झाला. पहिले काही दिवस तो आले-मधाचा काढा घेईल. मग बाजाराच्या दिवशी दुकानातून खोकल्याच्या औषधाची बाटली आणील. नंतर जवळच्या एखाद्या उपचारकाकडे जाईल. हा उपचारक पदवीधर असेलच असे नाही. खांद्यावरच्या पिशवीत औषधे घेऊन फिरणाऱ्या अशा माणसाला त्या भागात ‘झोलाछाप डॉक्टर’ म्हणतात. तेथे एक सुई आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळतील. थोडे बरे वाटेल, पुन्हा खोकला येईल. आरोग्य केंद्रात तो पोहोचेल तेव्हा कदाचित दोन-तीन महिने लोटलेले असतील. या काळात त्याच्या घरातली मुले, आईवडील आणि एकाच झोपडीत निजणारे सोबती त्याच्याच श्वासातील जंतू घेत असतात. थुंकीतून जंतू बाहेर टाकणारा रोगी उपचाराविना राहिला, तर तो वर्षभरात दहा ते पंधरा माणसांना संसर्ग पोहोचवू शकतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

हा माणूस या प्रवासात निदान तीन उपचारकांना भेटला. त्यांपैकी कोणीही एक साधा प्रश्न विचारला असता, “खोकला किती दिवसांचा आहे?”, आणि उत्तर ऐकून थुंकी तपासावयास पाठविली असती, तर पुढचे सर्व अनर्थ टळले असते. टहरौलीचे नाव येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याचे नाव त्या जागी घातले तरी चित्र फारसे पालटत नाही.

तुमकूरचा धडा

दवाखाने दूर आहेत आणि लोक अडाणी आहेत म्हणून क्षयाचे रोगी उपचारापर्यंत पोहोचत नाहीत, अशी एक समजूत पूर्वी सर्वत्र रूढ होती. ही समजूत तपासून पाहण्याचे काम भारतातच झाले.

१९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील निरनिराळ्या भागांत क्षयरोगाची पाहणी केली. क्षय हा केवळ गिरण्यांच्या शहरांचा रोग नसून खेड्यांतही तो जवळपास तितक्याच प्रमाणात आहे, असे या पाहणीतून दिसून आले. १९५६ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतील रोगी घरी राहून औषधे घेत असला तरी तो आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही, हे त्यांवरून सिद्ध झाले. थंड हवेच्या ठिकाणची खाट, पौष्टिक आहार आणि दीर्घ विश्रांती यांवाचून क्षय बरा होत नाही, ही कल्पना या अभ्यासाने मोडीत काढली.

याच सुमारास, १९५९ मध्ये, बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. या संस्थेतील देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात एक सामाजिक अभ्यास केला. तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले किंवा क्ष-किरण चित्रात रोग दिसला अशा माणसांना त्यांनी विचारले : तुम्हाला काही त्रास जाणवतो काय? त्यासाठी तुम्ही काय केले? बहुसंख्य रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. सुमारे निम्मे तर उपचारासाठी दवाखान्यात जाऊनही आलेले होते. परंतु तेथे त्यांच्या हाती पडली ती खोकल्याच्या औषधाची बाटली!

या निष्कर्षाचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडे. रोगी दवाखान्याच्या दारापर्यंत आला होता. दवाखान्याने त्याला ओळखले नाही. म्हणजेच, रोग्याला शोधत घरोघर फिरण्याच्या आधी, दाराशी आलेल्या रोग्याला ओळखण्याचे शिक्षण दवाखान्यातील माणसांना देणे आवश्यक होते. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी याच विचारावर झाली. क्षयासाठी स्वतंत्र रुग्णालयांची साखळी उभारण्याऐवजी गावोगावच्या सर्वसाधारण दवाखान्यांनाच हे काम शिकवावयाचे, आणि प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा क्षयरोग केंद्र स्थापून त्याने या दवाखान्यांना मार्गदर्शन करावयाचे, अशी ही योजना होती.

एकट्याचे नव्हे, पथकाचे शिक्षण

जिल्हा केंद्रांसाठी माणसे तयार करण्याचे काम बंगलोरच्या संस्थेकडे आले. तेथील पद्धतीत एक गोष्ट विशेष होती. केवळ डॉक्टरला बोलावून त्याला व्याख्याने ऐकविली जात नसत. जिल्हा क्षयरोग अधिकारी, उपचार-संयोजक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि सांख्यिकी साहाय्यक या साऱ्यांना पथक म्हणून शिक्षण दिले जाई. कारण क्षयाचे निदान आणि उपचार हे कोणा एका माणसाचे काम नव्हे. डॉक्टरने शंका घ्यावयाची, तंत्रज्ञाने जंतू पाहावयाचा, संयोजकाने रोग्याला समजावून त्याची नोंद करावयाची, आणि नोंदींवरून कोणता रोगी यावयाचा राहिला हे हुडकावयाचे. या साखळीतील एक कडी जरी निखळली तरी बाकीच्यांचे कौशल्य वाया जाते.

सूक्ष्मदर्शक नसलेल्या लहान दवाखान्यांनाही या योजनेत स्थान होते. तेथे थुंकीचा लेप काचपट्टीवर पसरून, वाळवून, उष्णता देऊन पक्का करावयाचा आणि ती काचपट्टी जवळच्या तपासणी केंद्राकडे पाठवावयाची. यंत्र नसले तरी काम अडत नाही, हा विश्वास शिकाऊ माणसाला मिळणे हाही त्या शिक्षणाचाच एक भाग होता.

थुंकी तपासणे : सोपे दिसणारे काम

येथे थुंकीच्या तपासणीचे थोडे सविस्तर वर्णन करणे उपयुक्त होईल, कारण प्रशिक्षणात काय शिकवावे लागते याची त्यावरून चांगली कल्पना येते.

पहिली अडचण नमुना घेण्यापाशीच सुरू होते. “या डबीत थुंका” असे सांगितले की बहुतेक माणसे तोंडातली लाळ डबीत टाकतात. लाळेत क्षयाचे जंतू क्वचितच सापडतात. हवा असतो तो छातीतून आलेला घट्ट बेडका. म्हणून रोग्याला पाण्याने तोंड धुवावयास सांगून, दोन-तीन वेळा दीर्घ श्वास घेऊन खोलवर खोकावयास स्वतः करून दाखवावे लागते. हे सर्व उघड्या हवेत, इतरांपासून दूर करावयाचे असते. कोंदट खोलीत केले तर रोग पसरण्याची भीती. एक नमुना दवाखान्यात आल्याबरोबर आणि दुसरा सकाळी उठल्याबरोबर, असे दोन नमुने घेतात.

मग नमुन्यातील पिवळसर, घट्ट भाग निवडून त्याचा पातळ लेप काचपट्टीवर पसरतात. तो जाड झाला तर प्रकाश आरपार जात नाही आणि रंग धुतला जात नाही. फार पातळ झाला तर जंतूच सापडत नाहीत. लेपावर कार्बोल फ्युक्सिन हा तांबडा रंग ओतून खालून उष्णता देतात, मग तो आम्लाने धुतात. क्षयाच्या जंतूचे कवच मेणचट असल्यामुळे त्याने शोषलेला तांबडा रंग आम्लानेही निघत नाही. इतर पेशी आणि जंतू यांचा रंग मात्र निघून जातो. त्यानंतर निळा रंग दिला म्हणजे निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू तांबड्या काड्यांसारखे उठून दिसतात. असे निदान शंभर दृष्टिक्षेत्रे पाहिल्याखेरीज ‘जंतू नाहीत’ असा निर्वाळा द्यावयाचा नसतो. एका मिलिलिटर थुंकीत जंतूंची संख्या पाच ते दहा हजारांच्या आसपास असेल तरच या पद्धतीने ते दिसण्याचा संभव असतो, यावरून घाईने पाहणाऱ्याच्या हातून काय निसटू शकते ते ध्यानात येईल.

यातील एकही कृती अवघड नाही. परंतु दिवसाला वीस काचपट्ट्या, महिनोन्‌महिने, त्याच दक्षतेने पाहत राहणे अवघड आहे. म्हणून तंत्रज्ञाला एकदा शिकवून भागत नाही. त्याने पाहिलेल्या काही काचपट्ट्या, त्याचा निष्कर्ष झाकून ठेवून, दुसऱ्याने पुन्हा पाहावयाच्या असतात. या फेरतपासणीचा हेतू दोष देण्याचा नसून कौशल्य गंजू न देण्याचा असतो.

शिकविलेले टिकविण्याचा प्रश्न

राष्ट्रीय कार्यक्रमाची मूळ कल्पना भक्कम होती. परंतु पुढे तिची अंमलबजावणी ढिली पडली. १९९२ मध्ये भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची साहाय्य-संस्था यांच्याबरोबर कार्यक्रमाचे परीक्षण केले. औषधांचा पुरवठा अपुरा व अनियमित होता, थुंकीपेक्षा क्ष-किरण चित्रावरच भर दिला जात होता आणि उपचार पुरा करणाऱ्यांचे प्रमाण फार कमी होते, असे त्यातून निष्पन्न झाले. क्ष-किरण चित्रात डाग दिसतो, पण तो क्षयाचाच असेल असे नाही. जुना, भरून आलेला व्रणही तसाच दिसतो. केवळ चित्रावर विसंबणारा उपचारक एकीकडे निरोगी माणसाला महिनोन्‌महिने औषधे देतो, तर दुसरीकडे जंतू पसरविणाऱ्या रोग्याला इतरांतून वेगळा ओळखू शकत नाही.

१९९३ मध्ये सुधारित कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. १९९७ पासून त्याचा विस्तार झाला आणि मार्च २००६ पर्यंत तो सर्व देशभर पोहोचला. या कार्यक्रमात प्रशिक्षणाचे स्वरूप पालटले. लांब व्याख्यानांच्या जागी पाठपुस्तिका आल्या. शिकणाऱ्याने त्यातील भाग वाचावयाचा, काल्पनिक रोग्यांची कार्डे स्वतः भरावयाची, चुका प्रशिक्षकाबरोबर बसून दुरुस्त करावयाच्या, अशी ही पद्धत होती. सर्वसाधारण प्रदेशात एक लाख लोकवस्तीमागे एक, तर डोंगराळ व आदिवासी भागांत पन्नास हजारांमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र ठरविण्यात आले. उपचारांवर देखरेख करणारा आणि प्रयोगशाळांवर देखरेख करणारा असे दोन पर्यवेक्षक नेमण्यात आले, आणि त्यांनी गावोगाव जाऊन काम पाहावे म्हणून त्यांना मोटारसायकली देण्यात आल्या. ही मोटारसायकल म्हणजे प्रशिक्षणाचाच उत्तरार्ध होय. वर्गात शिकलेली गोष्ट कामाच्या जागी कोणी येऊन पाहिली नाही, तर ती हळूहळू विसरली जाते.

काळानुसार नियमही बदलत गेले. पूर्वी तीन आठवड्यांचा खोकला ही संशयाची मर्यादा मानीत. २००९ पासून ती दोन आठवड्यांवर आली. आठवड्यातून तीन वेळा औषध देण्याची पद्धत जाऊन २०१७ पासून रोज औषध देण्याची पद्धत आली. २०२० पासून कार्यक्रमाचे नाव ‘राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम’ असे झाले. असे बदल परिपत्रकाने कळविता येतात. पण ते हातात रुळावयास पुन्हा शिकवावेच लागते.

खाजगी दवाखान्याचे कोडे

आतापर्यंतचे वर्णन सरकारी यंत्रणेचे झाले. परंतु आपल्या देशातील रोगी, विशेषतः शहरांत, आधी जातो तो खाजगी डॉक्टरकडे. या डॉक्टरांच्या उपचारपद्धतीचा अभ्यास मुंबईत झाला आणि त्याचे निष्कर्ष डोळे उघडणारे आहेत. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील शंभरावर खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रोग्यासाठी औषधयोजना लिहून देण्यास सांगितले होते. एकाच रोगासाठी त्यांनी ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या! सुमारे वीस वर्षांनी, २०१० मध्ये, झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच अभ्यास पुन्हा प्रसिद्ध केला. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ निरनिराळ्या योजना लिहिल्या, आणि त्यांपैकी केवळ सहाजणांची योजना बिनचूक होती.

यातून होणारी हानी रोग्यापुरती मर्यादित राहत नाही. क्षयाच्या उपचारात एकाच वेळी अनेक औषधे देतात, कारण एका औषधाला दाद न देणारे थोडे जंतू दुसऱ्या औषधाने मरावेत. एखादे औषध गाळले, मात्रा कमी दिली किंवा मुदत मध्येच तोडली, तर हे दाद न देणारे जंतूच तेवढे उरतात, वाढतात आणि पुढे दुसऱ्याच्या छातीत जातात. चुकीची औषधयोजना म्हणजे अशा रीतीने औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाची लागवड होय. एवढ्यानेही भागत नाही. खोकल्यासाठी सहजपणे दिली जाणारी फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविके क्षयाच्या जंतूलाही तात्पुरती दाबतात. रोग्याला आठ-दहा दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि पुढे उपयोगी पडणारे एक औषध आधीच बोथट होऊन बसते.

डॉक्टरांना माहिती नसते म्हणून असे घडते, असे आपण म्हणू. परंतु दिल्लीत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा प्रश्न अधिक खोलवर नेला. काही माणसांना क्षयरोग्याची लक्षणे सांगण्यास शिकवून, रोगी म्हणून डॉक्टरांकडे पाठविण्यात आले. अशा २५० भेटींपैकी केवळ ५२ भेटींत, म्हणजे शेकडा २१ वेळा, योग्य ती दिशा धरली गेली. पुढे याच अभ्यासात डॉक्टरांना तोच रोगी कागदावर वर्णन करून दाखविण्यात आला, तेव्हा मात्र त्यांची उत्तरे पुष्कळच चांगली आली. म्हणजे जे ठाऊक होते, तेही प्रत्यक्ष रोगी समोर असताना कृतीत उतरत नव्हते. दवाखान्यात गर्दी असते, रोग्याला लगेच गुण हवा असतो, तपासणीसाठी दुसरीकडे पाठविले तर तो परत येईल की नाही याची धास्ती असते. म्हणून केवळ ज्ञान वाढविणारे प्रशिक्षण अपुरे पडते. ज्या परिस्थितीत ते ज्ञान वापरावयाचे, ती परिस्थितीही बदलावी लागते.

या दृष्टीने काही पावले पडली आहेत. मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारकडे कळविणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. त्याच वर्षी रक्तातील प्रतिद्रव्ये पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या, विश्वासार्ह नसलेल्या चाचण्यांवर सरकारने बंदी घातली. २०१४ पासून क्षयाच्या औषधांची विक्री दुकानदाराने स्वतंत्र नोंदवहीत टिपून ठेवणे आवश्यक ठरले. खाजगी डॉक्टरने पाठविलेल्या रोग्याची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळण्याची सोय झाली. आपला रोगी आपल्यापासून तुटत नाही आणि तपासणीचा खर्चही त्याच्यावर पडत नाही, असे दिसले की डॉक्टरचा हात थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी लिहिण्याकडे सहज वळतो.

पदवी नसलेले हात

आता पुन्हा टहरौलीसारख्या भागाकडे वळू. तेथे पहिली भेट पदवीधराशी होत नाही, हे आपण पाहिले. मग काय करावे? या प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे मिळालेली आहेत.

पहिले उत्तर महाराष्ट्रातील. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. गावाने निवडून दिलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. या स्त्रिया नियमाने जामखेडला येत, गावातील रोग्यांविषयी बोलत, एक नवा विषय शिकून गावी परतत आणि पुढल्या वेळी त्याचा अनुभव घेऊन पुन्हा येत. क्षय आणि कुष्ठरोग यांची लक्षणे ओळखणे, रोग्याला तपासणीसाठी आणणे आणि औषध चालू राहील हे पाहणे, ही कामे त्या करीत. येथे शिक्षण एका शिबिराबरोबर संपत नव्हते. ते कामाबरोबर चालत होते. आज देशभर गावोगावी काम करणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्तीकडूनही हीच अपेक्षा आहे.

दुसरे उत्तर पश्चिम बंगालमधील. बीरभूम जिल्ह्यात पदवी नसलेल्या ३०४ उपचारकांवर एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या उपचारकांना नऊ महिने प्रशिक्षण देण्यात आले. या प्रयोगातील आजार छातीतील कळ, दमा आणि अतिसार हे होते, क्षय नव्हता. परंतु त्याचा धडा आपल्या विषयालाही लागू पडतो. प्रशिक्षितांच्या हातून योग्य उपचार होण्याचे प्रमाण वाढले, पण अनावश्यक औषधे देण्याची सवय मात्र कमी झाली नाही. औषध विकूनच ज्याचे पोट चालते, त्याला औषध न देण्याचे शिक्षण पचनी पडणे कठीण. म्हणून अशा उपचारकाला क्षयावर उपचार करण्यास शिकवू नये. संशय घेण्यास आणि रोग्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठविण्यास शिकवावे, हाच विवेकाचा मार्ग दिसतो. त्याचा हात थांबविता आला नाही, तरी त्याचे बोट योग्य दिशेने वळविता येते.

निदानानंतरचे सहा महिने

निदान झाले म्हणजे उपचारकाचे काम संपत नाही. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. मात्रा वजनावरून ठरते, म्हणून रोग्याला वजनकाट्यावर उभे करणे हा उपचाराचाच भाग आहे. प्रत्येक रोग्याची मधुमेह आणि एचआयव्ही यांसाठीही तपासणी करावयाची असते, कारण हे दोन्ही विकार क्षयाला बळ देतात.

खरी कसोटी पहिल्या महिन्यानंतर लागते. खोकला थांबतो, ताप उतरतो, भूक लागते. आता मी बरा झालो, असे रोग्याला वाटते आणि रोजगार बुडवून दवाखान्यात जाणे त्याला निरर्थक वाटू लागते. नेमके हेच त्याला पहिल्या दिवशी सांगून ठेवावयाचे असते. लघवी तांबूस होईल, ती औषधामुळे, घाबरू नये. डोळे पिवळे झाले, दिसण्यात फरक पडला किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर मात्र त्याच दिवशी यावे. हे आधी सांगितले नसेल, तर रोगी एके दिवशी गोळ्या कोनाड्यात ठेवून देतो आणि कोणाला काही बोलत नाही. मजुरीसाठी दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्याला तर पुढच्या ठिकाणचे केंद्र कोणते, हे निघण्यापूर्वीच सांगावयास हवे. २०१२ पासून सुरू झालेल्या ‘निक्षय’ या संगणकीय नोंदणीमुळे रोग्याची माहिती त्याच्यामागून जाऊ शकते. परंतु तो जाणार आहे हे विचारण्याची आठवण उपचारकालाच ठेवावी लागते.

घरातील इतरांची तपासणी हाही याच कर्तव्याचा भाग होय. रोग्याच्या घरी पाच वर्षांखालील मूल आहे काय, आणखी कोणी खोकते काय, हे विचारून ज्यांना रोग नाही त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देण्याची आता सोय आहे. एप्रिल २०१८ पासून रोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ही मदत मिळविण्याचा मार्ग रोग्याला सांगणारा कोणी नसेल, तर ती कागदावरच राहते.

नवे यंत्र, जुना प्रश्न

गेल्या काही वर्षांत निदानाच्या साधनांत मोठीच क्रांती झाली आहे. जंतूच्या जनुकद्रव्याचा शोध घेणाऱ्या चाचण्यांमुळे दोन-तीन तासांत रोगही कळतो आणि रिफॅम्पिसिनला तो दाद देईल की नाही हेही कळते. गोव्यातील एका उद्योगाने तयार केलेले ‘ट्रूनॅट’ हे यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे विजेचा भरवसा नसलेल्या आरोग्य केंद्रातही ते वापरता येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या उपचाराला पूर्वी दीड-दोन वर्षे लागत. अशा रोग्यांसाठी सहा महिन्यांच्या नव्या औषधक्रमाला भारत सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली.

या साधनांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्र स्वतः होऊन रोग्याला बोलावीत नाही. डबीत लाळ आली तर तेही फसते. आणि नमुना त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही तर ते कोपऱ्यात धूळ खात पडते. साठ वर्षांपूर्वी तुमकूरच्या रोग्यांनी जे सांगितले, ते आजही तितकेच खरे आहे : रोगी दाराशी येतो, प्रश्न आहे तो दारात बसलेल्या माणसाचा.

म्हणून क्षयरोगाच्या प्रशिक्षणाचे मोजमाप किती शिबिरे झाली आणि किती प्रमाणपत्रे वाटली यावरून करू नये. एखाद्या तहसिलीतील दवाखान्याची नोंदवही उघडावी. गेल्या महिन्यात खोकला घेऊन किती माणसे आली, त्यांपैकी कितींचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना होता, आणि त्यांतील कितींची थुंकी तपासली गेली, एवढेच तीन आकडे पाहावेत. त्या तिन्हींचा मेळ बसत असेल, तर शिक्षण कामाच्या जागेपर्यंत पोहोचले असे समजावे. मेळ बसत नसेल, तर त्या दवाखान्यातील माणसांजवळ बसून, त्यांच्या अडचणी ऐकून, पुन्हा पहिल्या पाठापासून सुरुवात करावी.